ढग कुणाच्या वावरावर

खान्देशात 'निसर्गचित्र' हा शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. लोक म्हणतात सीनरी. "पेंटर, हॉलमध्ये एक सीनरी मारून द्या." काढून द्या नव्हे, मारून द्या. चुना मारतात, प्रायमर मारतात, तशी सीनरीही मारायची. जन्मभर मी ती मारत आलो. मूळ गाव धुळ्याजवळ, दुकान जळगावात आणि कामं पाचोऱ्यापासून रावेरपर्यंत. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागचे मोर, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, निवडणुकीतली चिन्हं, सगळं केलं. बोर्डांचं काम केव्हाच फ्लेक्सवाल्यांनी नेलं. हातही थोडा थरथरतो, म्हणून घरच्यांनी मला निवृत्त जाहीर केलंय. मी अजून केलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातली एक गोष्ट आधी कळायला हवी. सीनरीत काय असावं हे पेंटर ठरवत नाही. ते सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून आधीच ठरवून ठेवलेलं असतं. झोपडी, तळं, तळ्यात दोन राजहंस, काठाला नारळाची झाडं, मागे डोंगर आणि डोंगरांच्या मधून सूर्य. आमच्याकडे नारळ दिसतो तो देवळात फोडताना, पण भिंतीवर नारळाचं झाड नसलं की गिऱ्हाईक मान वाकडी करून म्हणणार, "काहीतरी कमी वाटतंय." सूर्य उगवताच पाहिजे, मावळता चालत नाही. दोन्ही एकाच डब्यातून निघतात हे मी कुणाला सांगितलं नाही. पाणीसुद्धा घराकडे वाहत आलं पाहिजे. बोदवडला एका आबांनी पूर्ण झालेली नदी उलटी करून मागितली होती, कारण त्यांच्या मते घरातली बरकत त्या नदीने बाहेर चालली होती. मी नदीला हात लावला नाही. फक्त होडीचं तोंड फिरवलं. नदी लगेच घराकडे वाहायला लागली आणि आबा खूश झाले.

त्याच बोदवडला एका हॉटेलात मी बर्फाचे डोंगर काढले होते. मे महिन्यात लोक त्या भिंतीलगतच्या टेबलासाठी ताटकळत उभे राहायचे. पंखा समोरच्या भिंतीला होता, गार हवा तिकडे होती, पण माणसं घाम पुसत बर्फाखाली बसायची. पाचोऱ्याच्या एका डॉक्टरांनी तर दवाखान्यात, पेशंट बसतात तिथे, धबधबा मागितला. मन लावून काढला. महिन्याभरात डॉक्टरांचा फोन, "पेंटर, धबधबा बंद करा." म्हटलं, का हो? तर म्हणे, समोर बसलेला प्रत्येक पेशंट कंपाउंडरला बाथरूम कुठे ते विचारतो, आणि बाथरूम एकच आहे. मी जाऊन धबधब्यावर बांबूचं बन उगवलं. माझ्या धबधब्याला एवढी मोठी पावती पुन्हा कुणी दिली नाही.

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. धुळ्याला एका फोटो स्टुडिओसाठी मी मोठा कापडी पडदा रंगवला होता, ताजमहाल, चांदणं, कारंजं असा. अर्ध्या धुळ्याने लग्नानंतरचा पहिला फोटो त्याच्यापुढे उभं राहून काढला. स्टुडिओ बंद पडला तेव्हा पडदा कुठे गेला कळलं नाही. पुढे एकदा गावाकडे जाताना तो मला दिसला. कडब्याच्या गंजीवर टाकला होता, पावसापासून बचाव म्हणून. ताजमहाल खाली, चांदणं वर. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी आलो तर बायको म्हणाली, "कडबा ते कोरडा ऱ्हायना ना? मंग कामले ऊना ना तुमना ताजमहाल." म्हणजे कडबा कोरडा राहिला ना, मग ताजमहाल कामाला आला. आमच्या घरात अहिराणीच चालते आणि अहिराणीत सांत्वन असंच करतात.

पण आज सांगायचंय ते सावद्याच्या भिंतीबद्दल. पाच-सहा वर्षं झाली त्याला. माझ्या हातून झालेलं ते शेवटचं मोठं काम.

सावदा म्हणजे केळीचं गाव. तिथल्या वसंतआबांनी नवा बंगला बांधला होता आणि मे महिन्यात मुलीचं लग्न काढलं होतं. मुलगी गायत्री. शेतीतलं पुढचं शिक्षण घ्यायला हॉलंडला दोन वर्षं राहून आलेली. आबांनी मला बोलावलं ते हॉलच्या मोठ्या भिंतीवर सीनरी मारायला. मी मनात झोपडी, तळं, राजहंस जुळवूनच गेलो होतो. गायत्रीने माझ्यापुढे कागदाची एक लांब गुंडाळी उलगडली आणि म्हणाली, "पेंटरकाका, मला असं पाहिजे."

ते एका जुन्या डच चित्राचं छापील रूप होतं. मूळ चित्र तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, ती म्हणाली, तिथल्या संग्रहालयात आहे. लांबवर एक गाव. गाव म्हणजे काय, तर एक बारीक ओळ. घरांची छपरं, दोन-चार पवनचक्क्या आणि सगळ्यांच्या वर डोकं काढलेलं एक मोठं चर्च. अलीकडे शेतं. एका शेतात पांढऱ्या कापडाचे लांब लांब पट्टे पसरलेले. झोपडी होती, पण कोपऱ्यात आणि एवढीशी. नारळ नाही, सूर्य नाही. आणि हे सगळं मिळून चित्राच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. वरचं सगळं आभाळ. नुसतं आभाळ आणि ढग.

मी ते बघतच राहिलो. आमच्या धंद्यात आभाळ म्हणजे वस्तू काढून झाल्यावर उरलेली जागा. मोठा ब्रश घ्यायचा आणि दुपारच्या चहाआधी संपवायचं. इथे त्या माणसाने सगळा जीव आभाळात ओतला होता. ढगांच्या सावल्या खाली शेतांवर पडल्या होत्या. एक पट्टा काळोखा, एक पट्टा उन्हात झगझगीत, पुन्हा एक काळोखा. आत्ता बघताय तोवर सावली पुढे सरकेल असं वाटायचं. म्हातारपणी कुणी आपल्याला आपला धंदा नव्याने शिकवावा हे मला एरवी आवडत नाही. त्या दिवशी आवडलं.

वसंतआबांना मात्र आवडलं नाही. त्यांची बोली माझ्या हातून नीट उतरणार नाही, माझी अहिराणी मध्ये घुसते, पण ते साधारण असं म्हणाले, "एवढं आभाय? आपली भिंत, न् वरचं सारं रिकामंच?"

झोक्यावर आबांची आई बसली होती, अक्का. वय ऐंशीच्या पुढे, डोळे लख्ख. तिने कागद जवळ घेतला. "हे पांढरं काय व माय?"

"कापडं, अक्का," गायत्री म्हणाली. "विणलेलं कापड उन्हात पसरून पांढरं करायचे."

"म्हंजे धुनं," अक्का म्हणाली. "परदेशात पन धुनंच."

गायत्रीला हॉलंडचं गाव नको होतं. तिला हॉलंडच्या त्या चित्रासारखं सावदा पाहिजे होतं. लांबवर आपलं गाव, अलीकडे आपली वावरं, वर आपलं आभाळ. मला ते एकदम पटलं. आबांना नाही पटलं, पण लेक चार दिवसांची पाहुणी होती, तिला नाही कोण म्हणणार.

त्या घरात एक दुखणं होतं, ते मला कामाच्या पहिल्याच दिवशी कळलं. समोरच्याच गल्लीत आबांचे धाकटे भाऊ राहायचे, प्रल्हादभाऊ. वडिलांच्या माघारी वावर दोघांत निम्मं निम्मं झालं, मध्ये बांध पडला. बांधाजवळ वडिलांच्या हातचं चिंचेचं झाड होतं. ते कुणाच्या बाजूला, यावरून कुरबूर सुरू झाली. मग एका जूनमध्ये वादळ आलं, त्याने केळीही झोपवली आणि चिंचही पाडली. झाड गेलं, भांडण राहिलं. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. अक्का काही महिने या घरी, काही महिने त्या घरी राहायची.

गायत्री काकाच्या खांद्यावर वाढलेली. पत्रिका घेऊन ती स्वतः गेली होती. प्रल्हादभाऊंनी पत्रिका घेतली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाहू." खान्देशात लग्नाला 'पाहू' म्हटलं की तो माणूस येत नाही. अक्कानेही जाहीर करून टाकलं होतं, "माहे दोन्ही लेकरं एका पंगतीत नसले तर मी जेवनार नाही." ऐंशी वर्षांची बाई नातीच्या लग्नात उपाशी बसणार, या विचाराने घरात कुणाला धड हसू येत नव्हतं. गायत्री परांचीखाली उभी राहून मला सांगायची, "पेंटरकाका, बाकी सगळं झालंय. काका तेवढे यायला पाहिजेत." मी वरून हूं हूं करायचो. पेंटर काय करणार?

कामाला लागलो. डच चित्रकार म्हणे वाळूच्या उंच टेकडीवर उभा होता. सावद्यात टेकडी कुठली? मी पाण्याच्या टाकीचा जिना चढलो. अर्धाच चढलो, पण तेवढ्याने भागलं. गावाच्या उत्तरेला उभं राहून दक्षिणेला बघायचं असं ठरवलं. आबा म्हणाले, "न् सातपुडा?" मी म्हटलं, "आबा, सातपुडा तुमच्या पाठीमागे. भिंतीकडे तोंड केलं की तो पाठीशीच आहे." हे त्यांना आवडलं. पाठीशी सातपुडा असणं कुणाला आवडणार नाही?

मोठं चित्र काढायची युक्ती साधी आहे. निळीत भिजवलेली दोरी भिंतीवर ताणून धरायची, मध्ये ओढून सोडली की सरळ रेघ उमटते. ही क्षितिजाची रेघ. ती मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या खाली मारली, जेमतेम माझ्या छातीपर्यंत. लांबचं निळसर आणि फिकट, जवळचं गडद आणि तांबूस, एवढं सांभाळलं की भिंत आत जाते. चर्चच्या जागी देवळाचा कळस घ्यायचा, तर गावातलं कोल्ड स्टोरेज त्याच्याहून उंच निघालं. मी कळस थोडा वाढवला. देवाची काही तक्रार आली नाही, कोल्ड स्टोरेजच्या मालकाची आली. पांढऱ्या कापडाचा प्रश्न आपोआप सुटला. आमच्याकडे केळीच्या नव्या रोपांना थंडीवाऱ्यात पांढऱ्या कापडी टोप्या घालतात, वावरभर रांगाच रांगा. त्या काढल्या तर हुबेहूब त्या डच शेतासारखं दिसायला लागलं. अक्का म्हणाली, "आता आपलं धुनं दिसलं."

आभाळ मी गायत्रीच्या सांगण्याप्रमाणे रंगवलं. मी वर परांचीवर, ती खाली छापील चित्र हातात धरून उभी. ती म्हणायची, "मोठा ढग डावीकडे घ्या. त्याची सावली डावीकडच्या वावरावर पडू द्या, चांगली गडद. उजवीकडे स्वच्छ ऊन." मी तसं केलं. पांढऱ्यात कणभर निळा, कणभर काळा, स्पंजाने थोपटून थोपटून. असा ढग मी त्याआधी काढला नव्हता. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं आणि ते दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून मी ढगाखालीच डबा खायला बसलो.

लग्नघर म्हटलं की माणसांची ये-जा. जो येई तो भिंतीपुढे उभा राही आणि पहिल्यांदा काय करी, तर स्वतःचं वावर शोधी. "हे आमचं. हे मामाचं. इथून पुढे पाटाची बाजू." गावावर, कळसावर, माझ्या आभाळावर कुणाची नजर नाही. मला राग यायचा, पण गंमतही वाटायची. आणि मग कुणीतरी बोट ठेवलं. डावीकडचं ते काळोखं वावर प्रल्हादभाऊंचं. उजवीकडचं उन्हात झळकणारं वसंतआबांचं.

कुठलं वावर कुणाचं ते मला त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. बातमी गल्ली ओलांडून जायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन रणरणत असताना, दारात एक उंच माणूस उभा राहिला. डोक्याला उपरणं, पायात धुळीच्या चपला. झोक्याची करकर थांबली, तेव्हा मी ओळखलं.

प्रल्हादभाऊ सरळ भिंतीपुढे आले. आबा सोफ्यावर बसले होते, त्यांच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मला म्हणाले, "पेंटर, हे डाव्या आंगचं वावर कोनाचं?"

"मला काय माहीत, भाऊ? मी जळगावचा."

"माहं हाय. न् माह्याच वावरावर अंधार काहून? सारं गाव विचारते मले."

आबा तिकडून म्हणाले, तेही मलाच, "पेंटर, त्याले सांगा, आम्ही असं काही सांगतलं नव्हतं."

"पेंटर, त्यांले सांगा, भिंत त्यांची हाय तं ते सांगतीनच."

मी परांचीवर, दोन्ही बाजूंनी निरोप माझ्याकडे. एका हॉलमध्ये चार हातांच्या अंतरावर दोन भाऊ आणि मध्ये टपालखातं म्हणून मी. माझ्या ब्रशातून रंग गळत होता तरी हलायची सोय नव्हती.

तेवढ्यात झोक्यावरून अक्का बोलली. "आरे, अंधार कुठी हाय त्यो? वर पाह्य ना. ढग हाय. तुह्या वावरावर पानी उतरलं रे, पल्ह्या."

सगळे वर बघायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लोकांनी माझं आभाळ बघितलं. प्रल्हादभाऊंनीही बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. मे महिना, बाहेर केळीची पानं उन्हाने करपत होती, आणि इथे सगळ्या सावद्यात पाण्याचा ढग फक्त त्यांच्या वावरावर होता. ते मिशीतल्या मिशीत हसले.

आबा मात्र उठून उभे राहिले. "थांबा थांबा. म्हंजे पाऊस याच्या वावरात, न् माही केयी उन्हात?"

"पेंटर, त्यांले सांगा, त्यांचीच भिंत हाय," प्रल्हादभाऊ म्हणाले.

"पेंटर, ढग इकडे घ्या," आबा म्हणाले.

"पेंटर, ढगाले हात लावायचा नाही," प्रल्हादभाऊ म्हणाले.

मी जन्मात नद्या फिरवल्या, धबधबे बंद केले, पण ढगावरून असा कचाट्यात सापडलो नव्हतो. शेवटी मी म्हटलं, ढग मोठा करतो. बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखा येईल असा पसरवतो. त्यावर दोघेही गप्प बसले. आमच्याकडे त्याचा अर्थ चालेल असा होतो.

मी ब्रश उचलला तोच गायत्री म्हणाली, "आणि पेंटरकाका, चिंच राहिली."

जे नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं ते पोरीने सरळ घेतलं होतं. मी वरून तिच्याकडे बघितलं, ती निवांत. मी खडू घेऊन खाली उतरलो आणि मला वाटलं तिथे, विहिरीजवळ, झाडाची खूण केली.

"तठी नव्हती," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

मी खडू पलीकडे नेला. पुन्हा दोघे एकदम, "तठी कुठी?" मी आणखी थोडा खाली आणला. आबा प्रल्हादभाऊंकडे वळून म्हणाले, "याले काही समजत नाही रे." आणि प्रल्हादभाऊ आबांना म्हणाले, "विहिरीजवळ चिंच कोन लावते, आबा? येडा हाय पेंटर."

इतक्या वर्षांनी ते दोघे भाऊ एकमेकांशी बोलले आणि त्यांचं ज्या गोष्टीवर पहिल्यांदा एकमत झालं ती म्हणजे मी येडा आहे. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला एवढं बरं वाटलं की मी मुद्दाम खडू आणखी भलतीकडे नेला.

मग आबांनी माझ्या हातून खडू घेतला आणि खूण केली. प्रल्हादभाऊ म्हणाले, नाही, इतकं नाही, आणि त्यांनी आपली खूण केली. आबांची खूण बांधाच्या रेघेच्या जरा उजवीकडे होती, प्रल्हादभाऊंची जरा डावीकडे. दोघे मागे सरले आणि तोंडं पुन्हा घट्ट झाली. अक्काने डोळे मिटून घेतले. मी दोन्ही खुणांकडे बघितलं. मग गडद तपकिरी घेतला, हातातला रुंद ब्रश बुडवला आणि खालून वर एकच फटकारा मारला. खोड तयार झालं. दोन्ही खुणा त्याच्याखाली गेल्या. त्यांच्या दोन खुणांमध्ये जेवढं अंतर होतं, त्यापेक्षा माझा ब्रश रुंद होता.

आबांनी वाकून बघितलं. प्रल्हादभाऊंनी वाकून बघितलं. "बरोबर हाय," आबा म्हणाले. "इथीच होती," प्रल्हादभाऊ म्हणाले. झोक्याची करकर पुन्हा सुरू झाली.

फांद्या काढता काढता दोघांच्या सूचना चालूच होत्या. ही फांदी खाली पाहिजे, हिच्यावर आपला पाळणा होता, इथे मधमाश्या होत्या. गायत्रीच्या आईने चहा आणला. प्रल्हादभाऊंनी तो भिंतीकडे तोंड करून उभ्यानेच घेतला, कारण बसलं तर भांडण मिटल्यासारखं दिसलं असतं. निघताना ते दारात थांबले आणि मला विचारलं, "रंग वाळाले किती दिवस लागते?"

मी मारत होतो तो साधा प्लास्टिक पेंट. तासाभरात वाळतो. पण मी गायत्रीकडे बघितलं आणि म्हटलं, "भाऊ, चिंचेच्या खोडाचा रंग जाड असतो. लग्नापर्यंत लागेल."

"मंग पाहून जाईन मी मधून मधून," ते म्हणाले. "कच्चा राह्यला तं बिघडीन."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज यायला लागले, खोड वाळलं का बघायला. बोट लावून बघायचे, "अजून नाही" म्हणायचे आणि बसायचे. पुढे पुढे त्या खोडाकडे न बघताच बसायला लागले. हळदीच्या दिवशी मी बघितलं, मांडवाच्या बल्ल्या वाकड्या रोवल्या म्हणून ते मजुरांना ओरडत होते. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते आणि अक्का त्यांच्या समोर. तिने आधी दोघांच्या पानांवर तूप वाढलं, मग स्वतःची बट्टी कुस्करली. मी कोपऱ्यातून बघत होतो. माझे डोळे भरून आले. भाजी तिखट आहे असं मी शेजारच्याला सांगितलं.

गायत्री सासरी जाताना ती गुंडाळी मला देऊन गेली. मी ती फ्रेम करून घरात लावली. आमच्या घरातलं ते पहिलंच चित्र, कारण पेंटरच्या घरात भिंती कोऱ्याच असतात. असेच बरेच दिवस गेले. एका सकाळी बायको चहा पिता पिता चित्राकडे बघत होती. सावद्याची गोष्ट तिने माझ्याकडून इतक्या वेळा ऐकली होती की तिला पाठ झाली होती. ती म्हणाली, "आठे ते ऊन डावा बाजूले शे. सावली उजवा बाजूले शे. मंग तुम्ही उलटं कसं काढं?"

मी उठून जवळ गेलो. खरंच. मूळ चित्रातली सगळ्यात गडद सावली उजवीकडे होती. डावीकडची शेतं उन्हात होती. मी सावद्याला चित्राकडे बघून ढग काढलाच नव्हता, मी गायत्रीच्या तोंडाकडे बघून काढला होता.

तिला फोन लावला. ती हसली. म्हणाली, "पेंटरकाका, मी पत्रिका घेऊन गेले तर काका पाहू म्हणाले. ते आमच्या घरी प्रेमाने येणार नव्हते हो. भांडायलाच आले असते. मग म्हटलं, भांडायला तरी येऊ दे." बातमी गल्लीपलीकडे कुणी नेली, असं मी विचारलं. "अक्काने," ती म्हणाली.

म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला ढग मी काढला आणि तो कुठे काढायचा हे दोन बायकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. सुरुवातीलाच सांगितलं ना, सीनरीत काय असावं हे पेंटर ठरवत नाही.

मागे आबांनी सगळा बंगला पुन्हा रंगवून घेतला, ती एक भिंत सोडून. आणि दर वर्षी मे महिन्यात, ऊन असह्य व्हायला लागलं की मला सावद्याहून फोन येतो. यंदाही आला. नंबर आबांचा होता, आवाज प्रल्हादभाऊंचा.

"पेंटर, ढग सरकला."

"भाऊ, भिंतीवरचा ढग सरकत नाही."

"सरकला म्हनतो ना. आबाच्या आंगाले गेला चांगला हातभर. येऊन पाहून जा."

मागून आबांचा आवाज आला, "त्याले सांग, काही सरकला नाही. उलटा तुह्याच आंगाले गेला. न् त्याले म्हनावं जेवाले अठीच यायचं."

मी पांढऱ्याचा डबा आणि तो रुंद ब्रश पिशवीत घातला. बायको म्हणाली, निवृत्त माणूस कुठे निघाला? मी म्हटलं, ढग सारखा करून येतो.